सोमा वाटाड्याचा कौल

फणस खाताना आठळ्या कुणी मोजत नाही. एकेक करून त्या चुलीमागच्या टोपलीत पडत जातात आणि पावसाळा तोंडावर आला की लक्षात येतं, टोपली भरली. माझ्या कादंबरीबद्दल लोक जे जे बोलले त्याचंही तसंच झालंय. आता भाजायला घेतेच.

कादंबरी अजून छापलेली नाही. रामनगरला आमचा वाचनकट्टा आहे. दर रविवारी संध्याकाळी देवळामागच्या हॉलमध्ये मी एक प्रकरण वाचते, कुणीतरी ते मोबाइलवर रेकॉर्ड करतं आणि सोमवारपर्यंत ते जोयडा तालुक्याच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर फिरत असतं. गोष्ट जुनी, सुभेदारांच्या काळातली. घाटमाथ्यावर गड, खाली आपली काळी नदी, नदीकाठी एक वाडी. वाडीतला सोमा हा गडाचा वाटाड्या. शत्रूची फौज येते आणि सोमा तिला रानातली चोरवाट दाखवतो. का दाखवतो, ते शेवटच्या प्रकरणात.

गड, वाडी, सोमा, सगळं माझ्या डोक्यातलं. असं मी दर रविवारी सांगते. कुणी मनावर घेत नाही.

*

कट्ट्याचे अध्यक्ष बापू. बेळगाव-गोवा रस्त्यावर त्यांचं आईच्या नावाचं दुकान आहे, ‘रखमाबाई टायर्स’. ट्रकवाल्यांशी बोलून बोलून आवाज असा झालाय की ते नुसतं “ये पोरी” म्हणाले तरी मी दचकते.

सोमा शत्रूच्या तळावर भाकरी खातो, ते प्रकरण संपलं आणि बापूंनी टेबलावर थाप मारली. माझ्या हातातले कागद खाली.

“गडाचं मीठ खाल्लं ना? मग गडासाठी मरायचं. इषय संपला.”

स्टँडजवळ खानावळ चालवणाऱ्या सुमनमावशी मागे बसून शेंगा सोलत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, “बापू, ह्या रस्त्यानं जाणारा प्रत्येक ड्रायव्हर माझं मीठ खातो. परवा गॅस संपला, तर सिलिंडर उचलायला एक जण ताटावरनं उठला न्हाई.”

*

गडाचा किल्लेदार मी जरा झोपाळू केला होता आणि त्याचं आडनाव देसाई ठेवलं होतं. आमचे देसाई गुरुजी मूळचे खानापूरकडचे. त्यांनी मला शाळेत शिकवलंय, त्यामुळे ते समोर आले की माझे हात आपोआप मागे जातात.

“आमच्या घराण्यात लढाईच्या वेळी कुणी झोपलेलं नाही,” गुरुजी म्हणाले.

“गुरुजी, तो माणूस काल्पनिक आहे.”

“ते मला समजतं. पण कल्पनाच करायची होती, तर जागा ठेवला असतास तरी काय बिघडलं असतं?”

मी आडनाव बदललं नाही, झोपही उडवली नाही. फक्त किल्लेदाराला तलवार उशाशी घेऊन झोपवलं. पुढच्या रविवारी गुरुजी पहिल्या रांगेत.

*

जोयड्याच्या बसमध्ये एकदा मागून खांद्यावर हात पडला. मी इतकी उडाले की तिकीट खिडकीबाहेर गेलं. मागे एक अनोळखी बाई, मांडीवर लालभाजीच्या जुड्या.

“तू सोमावाली न्हवं?”

मी भीत भीत मान हलवली.

“त्याला मारू नको गं बाय. बायको पोटुशी हाय त्याची.”

“मी कुठं असं लिहिलंय?”

“लिवलं न्हाईस. पण तिसऱ्या भागात ती नवऱ्याकडं आंबटढाण बिंबलं मागत हुती. हुती का न्हाई?”

होती. बिंबलं मी नुसती चव म्हणून घातली होती. घरी येऊन प्रकरण परत वाचलं. बाई बरोबर होती. सोमाची बायको पोटुशी होती आणि ते मला सोडून सगळ्या बसला माहीत होतं.

*

मग कॉलेजातली दोन पोरं बाईक घेऊन चोरवाट शोधायला निघाली. मी सांगितलं, बाबांनो, ती वाट खरी नाही, मी मनानं रचलीय. तरी गेली. काटेरी बांबूत शर्ट फाडून घेऊन, चिखलानं माखून संध्याकाळी थेट कट्ट्यावर आली.

“वाट नाहीच तिथं,” एक जण म्हणाला. “सरळ दरी आहे.”

“तेच सांगत होते.”

“म्हणजे सोमानं फौजेला दरीत नेलं. फितूर नव्हताच तो!”

हॉलमध्ये टाळ्या वाजल्या. सगळ्यांत मोठी टाळी बापूंची.

*

त्या टाळीनं माझी झोप उडवली. कारण बापूंनी तिथंच जाहीर केलं, “हाच शेवट कर. सोमा फौजेला फसवून दरीत घालतो. तसं केलंस तर कट्टा पुस्तक छापंल. न्हाईतर फितुराचं पुस्तक आमच्या नावानं निघायचं न्हाई.”

माझा शेवट लिहून तयार होता. किल्लेदारानं हुकूम काढलेला असतो की शत्रूला दाणागोटा मिळू नये म्हणून वाडी जाळा. नेहमीची वाट वाडीतून जाते. सोमा फौजेला चोरवाटेनं वरच्या वर गडाकडे नेतो. वाडी पेटवायच्या आधीच गड पडतो. वाडी राहते. आणि बसमधल्या बाईमुळे आता त्या वाडीत, लांब चालता न येणारी त्याची बायकोही होती.

मी भित्री आहे. घरात भांडं पडलं तरी छातीवर हात जातो. पण त्या दिवशी उभी राहिले.

“बापू, तो वाट दाखवतो. खरी वाट. पुस्तक छापू नका, पण शेवट हाच राहील.”

शेवटी सुमनमावशी शेंगांची टरफलं झटकत म्हणाल्या, “तुमचं दोघांचं जमत नसंल, तर कौल लावा.”

*

आमच्या डोंगरात गाय हरवली, लग्न अडलं, विहिरीची जागा ठरत नसली की देवाला कौल लावतात. पुजारी देवाच्या अंगावर ओल्या पाकळ्या चिकटवतो, गाऱ्हाणं घालतो. उजवी पाकळी पडली तर एक, डावी पडली तर दुसरं. पण गोष्टीतल्या माणसासाठी आजवर कुणी कौल लावला नसेल. आम्ही लावला. बापू, मावशी आणि मी, बापूंच्या जीपमधून जोयड्याच्या पुढं, रानातल्या देवळात. वाटेत मी एवढंच म्हणाले, “कौल कसाही लागो, मी शेवट बदलणार नाही.” बापूंनी गिअर टाकला.

पुजारीमामांनी सगळं ऐकून घेतलं. हसले नाहीत.

“नाव?”

“सोमा,” बापू म्हणाले.

“गाव?”

मी सांगितलं, नदीकाठची वाडी. काळी नदीवरच्या सुप्याच्या धरणात जी गावं गेली, त्यांच्यातलीच एक मनात धरली होती.

“मंजे पाण्याखाली,” मामा म्हणाले. पाकळ्या भिजवल्या, चिकटवल्या. “बाबा, तुझं लेकरू सोमा, ह्यानं वाट दाखवली. फितूर आसंल तर डावी दी, इमानी आसंल तर उजवी दी.”

आम्ही थांबलो. पाकळी हलेना. मामांनी गाऱ्हाणं परत घातलं. दोन्ही जागच्या जागी. समईची वात पुढं सारून झाली, मावशींची जपमाळ संपली, तरी काही नाही.

बापू कुजबुजले. मी पहिल्यांदाच त्यांना कुजबुजताना ऐकलं. “देव बोलत का न्हाई?”

“ओळखीचा माणूस हाय,” मामा म्हणाले. “ओळखीच्याचा निवाडा करायला त्यालाबी जड जातं.”

बापू उठून बाहेर गेले आणि जीपमधून नारळ घेऊन आले.

“ह्यो कशाला?” मावशींनी विचारलं. “कौल तर लागला न्हाई. शेवटाचं काय?”

“शेवट तिचा, ती बघंल.” बापूंनी नारळ मामांच्या हातात दिला. “ह्यो त्याच्या बायकोच्या नावानं ठेवा. सुखरूप सुटू दे म्हणा.”

मामांनी नारळ देवापुढं धरला, डोळे मिटले आणि परत उघडले.

“बायकोचं नाव?”

सगळे माझ्याकडे वळले. एवढी प्रकरणं लिहून मी तिला नावच दिलं नव्हतं.

“रखमा,” बापू म्हणाले.