चिमट्याचं नर्लिंग

खडकीतल्या पत्र्याच्या शेडमधलं धातू कातायचं लेथ मशीन मुळात संजयचं. दोन वर्षांपूर्वी त्याची उजवी बाजू लुळी पडली आणि त्याची बायको शर्मिला मशीनपाशी उभी राहिली, कारण दुसरं कोणी नव्हतंच. बुश, पिना असले छोटे भाग तिला जमू लागले होते. आता डॉक्टर पद्मजांनी त्यांच्या व्यायामकेंद्रासाठी चाळीस बारीक दांडे सांगितले होते, हातातली ताकद गेलेल्या पेशंटांना धरायला. ते निसटू नयेत म्हणून त्यांच्यावर नर्लिंग करायचं, म्हणजे दातेरी रोलर दाबून खरखरीत नक्षी उठवायची.

तिसरा दांडाही वाकला. मशीन जुनं, बेअरिंग झिजलेलं. रोलर दाबला की सगळं थरथरायचं.

"एका बाजूने रेटतेस," खुर्चीतून संजय जड जिभेने म्हणाला. "वाकणारच."

"मग कसं करू ते सांगा. नुसतं बघायला मलाही आवडलं असतं."

त्याने खडू मागितला. डाव्या हाताने, वेड्यावाकड्या रेषांत, फरशीवर दोन पट्ट्या काढल्या. मागे दोन्ही एका ठोकळ्याला जोडलेल्या, पुढच्या टोकांना एकेक रोलर, मध्ये आवळायला बोल्ट. दांडा वरून-खालून चिमट्यात धरायचा, म्हणजे मशीनवर जोर येत नाही.

तो चिमटा बनवायला चार दिवस गेले. सकाळी स्वयंपाक, संजयची अंघोळ, त्याचे व्यायाम, मग शेड. करवतीने पट्ट्यांना खाचा पाडताना खांदा भरून यायचा. रोलरच्या पिनांसाठी तिने तुटलेल्या ड्रिलच्या दांड्या कापल्या. एक भोक सरकलं, ती पट्टी टाकून नवी घेतली. त्या दुपारी ती रडली नाही, नुसती पंख्याखाली बसून राहिली. 

पाचव्या दिवशी दांडा लावून तिने बोल्ट आवळला. दांडा सरळ राहिला, पण नक्षी दुहेरी उमटली, रेघेवर रेघ चढल्यासारखी.

"भीत भीत लावलंस. सुरुवातीलाच घट्ट दाब."

तिने नवा दांडा घेतला, तेल सोडलं, मशीन अगदी हळू ठेवलं आणि पहिल्याच फेऱ्याला पाना जोरात फिरवला. मशीन कण्हलं नाही. बारीक बारीक टोकदार चौकटी दांड्यावर उमटत गेल्या.

संजयने डाव्या अंगठ्याने दांडा चाचपला. बराच वेळ.

"अशी हत्यारं तुम्ही किती केलीत?" तिने विचारलं.

"एकही नाही. मशीन धड होतं तेव्हा गरज पडली नाही. एका ओळखीच्याकडे पाहिलं होतं."

"हे आधी सांगायचं ना."

"सांगितलं असतं तर केलं असतंस?"

 तिची पाठ दुखत होती, तरी तिला हसू आलं, तेही थकलेलंच. ती स्टुलावर टेकली, पाणी प्यायली. एकोणचाळीस दांडे बाकी होते. मग उठून तिने पुढचा दांडा मशीनच्या जबड्यात, चकमध्ये धरला.