पन्नाशी उलटलेल्यांनी तसदी घेऊ नये

कोल्हापूरच्या स्टँडवर मी कर्नाटकाच्या लाल गाडीत चढले, तेव्हा मांडीवर पत्रकांचा दोरीने बांधलेला गठ्ठा होता. कागल मागे पडलं आणि कंडक्टर येऊन उभा राहिला. त्याने गठ्ठ्यावर बोट टेकवलं.

"काय हाय ह्यात?"

"पत्रकं."

"मराठीत?"

"हो."

"म्हंजे सीमेची. मॅडम, वर ठेवू नका, खाली ठेवा. फुडं पोलीस बसत्यात."

"सीमेची नाहीत हो. रक्ताची आहेत."

"त्येच म्हणतो की मी," तो म्हणाला आणि पुढच्या बाईंकडे वळला.

शेवटी एक पत्रक काढून त्याच्या हातात दिलं. त्यात लिहिलं होतं की रक्ताच्या कर्करोगात कधी कधी रोग्याच्या हाडातला मगज नवाच लावावा लागतो. त्यासाठी दुसऱ्या माणसाच्या रक्तातून मूळ पेशी घेतात. त्या पेशी रोग्याच्या पेशींशी जुळाव्या लागतात, म्हणून आम्ही तरुण मुलामुलींच्या गालाच्या आतून कापसाचा बोळा फिरवून त्यांची नावं यादीत घालतो. पत्रक मीच लिहिलं आहे. मी दोन वर्षं हेच करते आहे आणि मला वाटतं, मी बरं लिहिते. गोल गोल लिहिलं की लोक वाचत नाहीत, म्हणून टोचून लिहायचं.

यावेळी मात्र मी बोळे घेऊन निघाले नव्हते. आठवड्यापूर्वी सदलग्याहून एका बाईंचा फोन आला होता. "पत्रकावर नंबर हुता म्हणून लावला. आमच्या मालकांस्नी रक्ताचा कॅन्सर हाय. बेळगावात औषधं झाली, रोग दबलाय. डॉक्टर म्हणत्यात, दबलाय तवर मगज लावून घ्या. एकच बहीण हाय, तिचं जुळतंय का बघायचं. पण ती तपासायलाच जाईना. दोन आठवडे झाले. तू येऊन सांगतीस का गं तिला?"

मालकांचं वय विचारलं. सदुसष्ट.

इथे मला राग आला तो बहिणीचा. पण त्याहून मोठा राग आधीपासून होताच. साठीच्या पुढच्या माणसाला हा रोग झाला की घरचे, दारचे आणि कधी कधी दवाखान्यातलेही एकच वाक्य बोलतात, "वय झालं आता." पूर्वी त्यात तथ्य होतं. मगज लावण्याआधी जी जबर केमो द्यायची, ती म्हाताऱ्या अंगाला सोसत नसे. आता सौम्य डोस देऊन करता येतं. डॉक्टर हृदय बघतात, मूत्रपिंडं बघतात, माणूस जिना चढतो का बघतात. जन्मसालाकडे शेवटी बघतात. हे लोकांपर्यंत कोण पोचवणार? मी.

निपाणीत गाडी बदलायची होती. उतरल्या उतरल्या नाकात तंबाखू शिरली. इथे वारासुद्धा वखारीतून फिरून येतो. स्टँडसमोर चहा घेतला. बाकड्यावर टोपीवाले एक आजोबा बसले होते. कुठं चाललीस म्हणाले, मी सांगितलं.

"सदुसष्ट?" त्यांनी बशीतला चहा ओढला. "मग आता कशाला तरास द्यायचा जिवाला?"

"तुमचं वय काय आजोबा?"

"बहात्तर."

"मग तुम्ही चहा कशाला पिताय?"

चहावाला हसला. आजोबाही हसले. "तोंडाची लई फटकळ हैस. लगीन झालंय का न्हाय?" मी गठ्ठा उचलून गाडीत जाऊन बसले.

निपाणीहून पूर्वेला निघालं की रस्त्याच्या दोन्ही अंगाला ऊस लागतो, मध्ये हळदीचे तुकडे. शेजारची बाई खिडकीतून कानडीत भांडली आणि मराठीत हसली. दूधगंगेच्या काठाकाठाने सदलगा आलं तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. राजमती काकी, म्हणजे फोन करणाऱ्या बाई, दारातच साबण आणि पाण्याचा तांब्या घेऊन उभ्या होत्या.

"हात धू. कोपरापतोर. आन् लवकर बस, दिस बुडायच्या आत जेवायचं हाय."

हे शेतकरी जैन घर. सूर्य बुडाला की चूल बंद आणि तोंडही बंद. म्हणून साडेपाचला माझ्या ताटात ज्वारीची भाकरी, अख्खा मसूर, दोडक्याची भाजी आणि शेंगदाण्याची चटणी होती. कांदा नाही, लसूण नाही, तरी बोटं चाटली.

बाळगोंडा आप्पा सोप्यावर (ओसरीसारख्या पुढच्या मोकळ्या खोलीत) तोंडाला मास्क लावून बसले होते. त्यांच्यापासून सहा हात लांब काकींनी माझी खुर्ची ठेवली होती. केस गेले होते, भुवया गेल्या होत्या, डोळे मात्र मिश्कील होते.

"ही व्हय पत्रकवाली? मला वाटलं मोठी बाई आसंल."

मी माझं भाषण सुरू केलं. आप्पांनी ते मध्येच थांबवलं.

"डॉक्टरांनी समदं सांगितलंय. जंतू धरू शकत्यात, नव्या पेशी माझ्याच अंगावर उलटू शकत्यात. यश येईलच असं न्हाय, असं तोंडावर सांगितलं. मला बरं वाटलं, माणूस खोटं बोलंना. काहीच न्हाय केलं तर रोग फिरून येणार, ह्येबी सांगितलं. मी करून घेणार हाय. पर सुशीलाला कुणी काय म्हणायचं न्हाय."

"तिला तुम्ही विचारलंत?"

"कसं इचारू?"

"फोन करून."

"अगं, भावानं बहिणीला इचारायचं असतंय, तुला काय पायजे. दिवाळीला तिच्या ताटात घालायचं असतंय. मला दे, असं म्हणत्यात व्हय? न्हाय म्हणाली असती तरी चाललं असतं. ती बोललीच न्हाय काय. यायची बंदच झाली."

काकी आतून म्हणाल्या, "धा वेळा सांगितलं, इचारा. वय झालं, पण मान न्हाय वाकत."

सकाळी परसात काकी आडातून पाणी काढत होत्या. घागरीच्या तोंडाला दुहेरी फडकं लावून त्यांनी पाणी गाळलं. मग ते फडकं उलटं करून गाळलेल्या पाण्यात खळबळलं आणि ते पाणी अलगद पुन्हा त्याच आडात सोडलं. मी विचारलं तर म्हणाल्या, "जिवाणी." (फडक्यात अडकलेले बारीक जीव ज्या पाण्यातले त्याच पाण्यात परत सोडायचे, ही जैन घरातली रीत.) "दुसऱ्या आडात सोडायचं न्हाय. ज्याचं त्याला." आप्पांचं पाणी त्यानंतर वीस मिनिटं उकळायचं, ते डॉक्टरांचं सांगणं. दोन्ही नियम एकाच चुलीवर सुखाने नांदत होते.

चिकोडी, संकेश्वर करत बेळगावला पोचले. कॅम्पात शिरलं की गाव बदलतं. मोठाली झाडं, जुनं चर्च, शाळेतून सुटलेली फौजी घरांतली पोरं. सुशीला आक्कांच्या घरचं भांड्यांचं दुकान तिथेच. आक्का स्वतः गल्ल्यावर होत्या. ठेंगण्या, ताठ, चष्मा गळ्यात. एका हवालदाराच्या बायकोला कुकर दाखवत होत्या, कानडीत बोलत आणि हिंदीत हसत. मला बघून म्हणाल्या, "ऊटा आतेन री?" (जेवण झालं का?)

मी जेवणाचं उत्तर दिलं नाही. मी सदलग्याहून आले, असं म्हणाले आणि सुटले. तुमचा एकुलता भाऊ आहे. तीन आठवडे वाट बघतोय. तुम्हाला फक्त एक नमुना द्यायचाय. रोग दबलेला असताना करायचं असतं, तो काही तुमच्या सवडीने थांबणार नाही. आणि वय झालं म्हणून तुम्ही त्यांना सोडून देताय का?

आक्कांनी सगळं ऐकून घेतलं. कुकर खोक्यात भरला. मग भिंतीवरच्या कॅलेंडरामागे हात घालून चार घड्या घातलेला एक कागद काढला, चष्मा लावला आणि एका ओळीवर बोट ठेवलं.

"हे वाच."

मी वाचलं. *पन्नाशी उलटलेल्यांनी येऊन आपली व आमची तसदी वाढवू नये.*

"वहिनीनं दवाखान्यातनं आणून दिलता. म्हणाली, ह्यात समदं लिवलंय. मी तपासायला जायाची साडी काढून ठिवलती. मग हे वाचलं. दोनदा वाचलं. चष्मा पुसून तिसऱ्यांदा वाचलं. मी बासष्टची. भावाला काय सांगू, तुझी बहीण म्हातारी झाली, तुझ्या कामाची न्हाय? आजारी माणसाला असं सांगत्यात? म्हणून गेलो न्हाय." (इथल्या बायका स्वतःबद्दल 'गेलो, आलो' असंच बोलतात.) "कुणी लिवलंय हे?"

हवालदाराची बायकोही माझ्याकडे बघायला लागली.

"मी," मी म्हणाले.

"तू?"

"ती अट परक्या दात्यांसाठी आहे, आक्का. यादीत नाव घालायला. सख्ख्या भावंडांना ती लागू नाही. डॉक्टर तुम्हाला तपासतील, झेपतंय का बघतील, मग ठरवतील."

"मग तसं लिवायचं की. शाई काय म्हाग झाली व्हती?"

त्या ओळीवर मी खूश होते. छापायच्या आदल्या दिवशी मैत्रिणीला दोनदा वाचून दाखवली होती. कंटाळवाण्या पत्रकात एवढी एकच ओळ चटका देते, असं ती म्हणाली होती. चटका बसला होता.

आक्कांनी दुकान सुनेवर सोपवलं आणि तीच काढून ठेवलेली साडी नेसल्या. दवाखान्यात नमुना द्यायला दहा मिनिटं लागली. अहवाल यायला वेळ लागणार होता, आणि सख्खी बहीण असली तरी जुळेलच असं नसतं, तेही मी या वेळी ठासून सांगितलं. बाहेर आल्यावर म्हणाल्या, "आता सदलगा. दिस बुडायच्या आत पोचलो न्हाय तर वहिनी मला उपाशी निजवील." वाटेत कुंद्याचा डबा घेतला, मग आठवलं की बाहेरचं गोड भावाला चालणार नाही. तो मला दिला.

गाडीत आक्का पहिल्यांदा घाबरलेल्या दिसल्या. "जुळलं तर माझं रक्त कसं काढत्यात गं? समदं?"

मी म्हणाले, यंत्राद्वारे रक्तघटकांचं विलगीकरण होतं. त्या माझ्याकडे बघत राहिल्या. मग म्हणाले, एका हातातून काढतात, दुसऱ्या हातात सोडतात. त्यांनी दोन्ही हात पदराखाली घेतले.

सदलग्यात उतरलो तेव्हा ऊन घरांच्या कौलांवर होतं. आक्कांनी कोपरापर्यंत हात धुतले, मास्क बांधला आणि सहा हातांवर जाऊन बसल्या.

"वाळलास," आक्का म्हणाल्या.

"तू काय कमी वाळलीस? यायची बंद झालीस."

"ह्या पोरीनं लिवलतं येऊ नका म्हणून."

आप्पांनी माझ्याकडे बघितलं. मी मांडीवरच्या कुंद्याच्या डब्याकडे बघितलं. आक्कांनी सगळं सांगितलं, आणि आप्पा इतके हसले की मास्क खाली घसरला. काकींनी दटावून तो वर करायला लावला.

"नमुना देऊन आलो," आक्का म्हणाल्या. "पर दादा, मला त्या यंत्राचं भ्या वाटतंय. रक्त भाईर काढून परत घालत्यात म्हणं."

मी तोंड उघडणार होते. आप्पांनी हात वर केला.

"सुशे, पाणी कसं गाळतीस?"

"फडक्यानं."

"फडक्यात काय ऱ्हातंय?"

"जीव."

"त्ये काय करतीस?"

"जिवाणी सोडतो. त्याच आडात."

"मग तसंच. यंत्र म्हंजे फडकं. तुझं रक्त त्यातनं जाणार. माझ्यापुरतं फडक्यात ठिवून घेणार, बाकीचं त्याच आडात परत. चार-पाच तास बसायचं. तुझा आड काय आटत न्हाय, आतनं झरा हाय."

आक्कांनी विचार केला. "दुसऱ्या कुणाच्या आडात न्हाय ना सोडत?"

"न्हाय गं."

"मग असू दे." पदराखालून हात बाहेर आले. मग त्या चिडल्या. "आन् तू का न्हाय इचारलंस मला? तीन आठवडे?"

आप्पा भिंतीकडे बघत राहिले. काकी म्हणाल्या, "इचारा आता तरी. दिस बुडाय लागलाय."

"सुशे," आप्पा म्हणाले, "देशील का?"

"ताट वाढ वहिनी," आक्का म्हणाल्या, "ह्येला काय कळत न्हाय."

दुसऱ्या दिवशी निपाणीहून परतताना योगायोगाने तोच कंडक्टर भेटला. "गठ्ठा तसाच परत?"

"चुकीचं छापलंय."

"बगा. मी म्हटलंतं, सीमेचंच हाय."

म्हातारपणाची सीमा दुसरेच लोक आखतात, अशी माझी दोन वर्षं समजूत होती. कोगनोळीचा नाका येईपर्यंत मी पेनाने ती ओळ एकेका पत्रकावर खोडत होते. पेन संपलं तेव्हा शेजारच्या काकांनी स्वतःचं दिलं, आणि मग न विचारता निम्मा गठ्ठाही घेतला.

सतरा दिवसांनी काकींचा फोन आला. जुळलं. आक्कांचं हृदय, साखर, रक्तदाब, सगळं डॉक्टरांनी तपासून पास केलं. हे लिहिते आहे तेव्हा आप्पा काचेच्या खोलीत आहेत. बहिणीच्या पेशी त्यांच्या अंगात जाऊन आठ दिवस झाले. त्या रुजतात की नाही हे अजून कुणालाच माहीत नाही. रोज सकाळी रक्त तपासतात आणि रोज काकी मला पांढऱ्या पेशींचा आकडा कळवतात. तो अजून जमिनीलाच टेकून आहे. संध्याकाळचं जेवण दिवस बुडायच्या आत देतात, एवढं आप्पांनी तिथल्या नर्सकडून कबूल करून घेतलं आहे.

नव्या पत्रकाचा मसुदा मी आक्कांना पाठवला होता. खोडलेल्या ओळीच्या जागी मी लिहिलं होतं, सख्ख्या भावंडांना वयाची ही अट नाही, त्यांनी डॉक्टरांना विचारावे. काल तो परत आला. शेवटच्या शब्दापुढे पेन्सिलने लिहिलं होतं, "आणि एकमेकांनाही."