मळीवरची सात माणसे

वाचकहो, मी देव मानतो. भुते मानत नाही. या दोन वाक्यांत ज्यांना विसंगती वाटते त्यांच्याशी मी आयुष्यभर वाद घातला आहे. सांगलीत विश्रामबागेतल्या एका शाळेत पस्तीस वर्षे संस्कृत शिकवले. पिंपळावर कुणी दिसले, विहिरीपाशी कुणी हाक मारली, अशा कथा घेऊन मुले येत, तेव्हा मी तीनच प्रश्न विचारीत असे. तू प्रत्यक्ष पाहिलेस का? अनुमान जुळते का? सांगणारा विश्वासाचा आहे का? तिन्हींना उत्तर नसेल तर बाळा, गप्प बसावे.

आज मात्र गप्प बसणे मलाच शक्य नाही. कारण पाहणारा मी आहे, आणि लिहून ठेवणाराही मीच.

सांगलीच्या वेशीबाहेर कृष्णेच्या काठी आमचे उपनगर आहे. त्याचे नाव मुद्दाम देत नाही. पूर्वी येथे नुसती मळी होती — म्हणजे पूर ओसरताना नदी मागे ठेवते ती गाळाची काळी जमीन. वांगी, ऊस आणि काठाला बाभळी. पुढे माधवनगरच्या गिरणीत कामाला असणाऱ्यांनी स्वस्तात जागा घेऊन पत्र्याची घरे बांधली. मग शिक्षक आले, बँकेतले कारकून आले. कडेगावकडची बागायतदार मंडळी मुलांच्या शिक्षणासाठी आली. आता जिकडे पाहावे तिकडे अपार्टमेंट. पावसाळ्यात धरणाचे पाणी सुटले की नदी थेट तिसऱ्या गल्लीपर्यंत येते. तेव्हा आमचा श्रीपती, निवृत्त पोस्टमन, हमखास म्हणतो, "गुरुजी, कोकणात जायाची गरज न्हाई. समुद्र दारात आलाय."

गेल्या चैत्रात आमच्या मंदिराचा कलशारोहण सोहळा ठरला. समितीचे अध्यक्ष तात्या यांनी स्मरणिकेसाठी 'आपल्या उपनगराचा इतिहास व लोकवस्ती' हा लेख माझ्याकडे सोपवला. मी आनंदाने होकार दिला. आपण राहतो त्या भूमीचे ऋण लिहून फेडता आले तर याहून चांगले काय?

अडचण एकच होती. बायजाक्का.

बायजाक्का ही आटपाडीकडची धनगर समाजाची विधवा. सत्तरीची, काटक, बोलायला सडेतोड. मुलासह आमच्या शेवटच्या गल्लीत राहते. मंदिरामागे जो मोकळा प्लॉट आहे, तेथे समितीला सभागृह बांधायचे होते. बायजाक्का रोज सकाळी समितीच्या कचेरीच्या पायरीवर येऊन बसे. तिचे म्हणणे असे की, तिच्या सासरच्या थोरल्यांच्या आठवणीचा दगड त्या जागेत कुठेतरी गाळाखाली पुरला गेला आहे. त्यावर पाया घालू नये.

"आक्का, प्लॉटात दगडच दगड हायत," तात्या म्हणत. "त्यातला तुमचा कंचा?"

"त्यो गावला की तुमालाबी कळंल. जोडं काडून उबं ऱ्हाशिला."

"मग दाखवा की. भूमिपूजनापर्यंत दाखवा, आमी नकाशा बदलतो. न्हाईतर रोज हितं बसू नका. आलेल्या पाहुण्यांना वाटतंय, आमीच तुमाला बसवलंय."

एकदा ती माझ्याकडे वळली. "गुरुजी, आवं तुमी बुक ल्ह्यताय न्हवं? त्यात आमचं नाव घाला. हितं पयली आमची मानसं हुती. त्यांच्या आदी हितं कावळाबी न्हवता."

मी म्हणालो, "बाई, माझा अविश्वास नाही. पण आधार नसताना मी लिहीत नाही. कागद असेल, शिलालेख असेल, निदान कुणी प्रत्यक्ष पाहिलेले सांगत असेल…"

ती उठली, पदर झटकला आणि म्हणाली, "कागुद! मेंढरं राकनाऱ्यांनी कागुद कुटं ठिवायचा, मेंढराच्या कानात?"

पायरीवरची सगळी मंडळी हसली. मीही हसलो. ते हसू मला आजही बोचते.

सोहळ्याच्या अक्षता घरोघर द्यायच्या होत्या. त्याच फेरीत मी लोकवस्तीची नोंद करायचे ठरवले. माझा एक नियम होता. अक्षता उंबऱ्यावर ठेवून निघायचे नाही. कर्त्या माणसाने ओंजळ पुढे करून त्या घ्यायच्या, मग स्वतःच्या तोंडाने घरातली माणसे सांगायची — वडीलधाऱ्यांपासून तान्ह्यापर्यंत. मी तेवढेच लिहायचे. शेजाऱ्याने सांगितलेले लिहायचे नाही. श्रीपतीचा जीव यात मेटाकुटीला येई. "सगळी घरं मला पाठ हायत गुरुजी. बसल्या जागी सांगतो, ल्ह्या." पण मी ऐकले नाही.

फेरीच्या चौथ्या दिवशी, सकाळी दहाच्या सुमारास, शेवटची गल्ली संपली. श्रीपती एका ओळखीच्या घरी चहाला थांबला. मला बाहेरचे काही चालत नाही, म्हणून मी नदीच्या अंगाने बांधावरून एकटाच पुढे निघालो. ऊन स्वच्छ होते. त्या बाजूने मी पूर्वी कधी आलो नव्हतो. बाभळींची एक दाट रांग ओलांडली आणि समोर धनगराचा तळ दिसला.

मला आश्चर्य वाटले नाही. उन्हाळ्यात पूर्वेकडचे धनगर मेंढरे घेऊन नदीकाठी येतात, शेतात मेंढरे बसवतात, शेतकऱ्याला खत मिळते — हे मी लहानपणापासून पाहत आलो आहे. काट्यांचे कुंपण, त्यात मेंढरे, घोंगडी टाकलेले पाल, तीन दगडांची चूल. लोकरीचा आणि ओल्या लेंड्यांचा तो विशिष्ट वास. मी मनाशी म्हणालो, चूल आहे त्या अर्थी घर आहे. यांनाही अक्षता द्यायला हव्यात.

एक उंच म्हातारा पुढे आला. डोक्याला पांढरे पागोटे, खांद्यावर काळे घोंगडे.

"या गुरुजी. लय वाट बगायला लावली," तो म्हणाला.

वाट पाहण्याचे कारण मी विचारले नाही. गल्लीत बातमी लागली असेल असे वाटले. मी अक्षता काढल्या. त्याने ओंजळ पुढे केली. हात भेगाळलेले, अंगठ्याला जुन्या जखमेचा वण. अक्षता त्याच्या हातांत पडताना मी माझ्या डोळ्यांनी पाहिल्या. मग मी सवयीने विचारले, "नाव? गोत्र?"

तो मोठ्याने हसला. "गोत्र कसलं वो? मेंढरांचं न् आमचं येकच. ल्ह्या, म्हाकू. मग माजी कारभारीन, साऊ. थोरला धुळा, त्याची बायकू हिरा. धाकटा बिरा. ल्येक, तिचं नाव तान्ही."

मी लिहीत गेलो. "सहा?"

"सात. हिराचं लेकरू हाय की पाळन्यात. पर त्याचं बारसं व्हायचंय अजून. नाव कुटलं सांगू?"

मी लिहिले : 'सातवे, बाळ, नाव ठेवायचे आहे.'

"आनि मधला ल्योक मायाप्पा. त्यो लोकर घिऊन गावाकडं गेलाय. त्याला हितं धरू नगा," म्हातारा म्हणाला. मग घोंगडे सावरून, "यील त्यो."

मी वही मिटली. त्याने दूध देऊ केले, मी हात जोडून नकार दिला. निघताना तो म्हणाला, "गुरुजी, येक ध्यानात ठिवा. लोक म्हनत्याल, ती गेली. आमी हितनं कवा गेलो न्हाई."

बांधावर परत आलो तेव्हा श्रीपती समोरून येत होता. "कुटं गायब झालता?" मी तळाबद्दल सांगितले.

"गुरुजी, ऊन लागलं का? बाभळीपल्याड आपला देवळामागचा प्लॉट हाय. तितं कोन आलंय? सकाळीच मी त्यातनं आलोय."

"चल, दाखवतो."

आम्ही बाभळींची रांग ओलांडली. पलीकडे मंदिराचा मागचा कठडा दिसत होता… आणि मधे नुसते वाळके गवत. कुंपण नाही, पाल नाही, चुलीची राख नाही. एवढी मेंढरे बसली होती, पण एक लेंडी नाही. मघाचा वासही नाही. गवताच्या मधोमध, उघड्या मातीवर, कुंकवाने लाल झालेल्या अक्षतांची ओंजळभर रास होती. नीट, हळूच ठेवल्यासारखी.

श्रीपतीने चपला काढल्या. त्या दिवशी पुन्हा तो एकही विनोद बोलला नाही.

मी घरी न जाता थेट बायजाक्काकडे गेलो. वही पिशवीतच ठेवली. येथे मी पूर्ण सावध होतो, वाचकहो. मी तिला एकही नाव सांगितले नाही. फक्त विचारले, "बाई, तुमच्या थोरल्यांची नावे तुम्हाला ठाऊक आहेत का?"

ती धान्य निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "ठावं नसाया काय झालं? दसऱ्याला घरातल्या बिरोबाम्होरं त्यांच्या नावानं सात निवद ठिवतो आमी. नाव घिऊन घिऊन. म्हाकू, साऊ, धुळा, हिरा, बिरा, तान्ही…"

ती थांबली.

"आणि सातवा?"

"सातव्याला नाव न्हाई. तान्हं लेकरू हुतं, बारसं ऱ्हायलं. त्याच्या निवदाला नुसतं हात जोडतो." तिने सूप खाली ठेवले. "येका रातीत नदी चडली, मेंढरासकट सगळी गेली. माज्या सासऱ्याचा आजा तेवडा गावाकडं लोकर द्यायला गेलता. त्यो आला तर हितं काय न्हवतं. त्यानंच दगुड घडवून पुरला म्हनं."

"त्यांचे नाव काय?"

"मायाप्पा."

मी वही काढली आणि तिच्यापुढे ठेवली. तिला वाचता येत नाही. मीच वाचून दाखवले, आणि म्हातारा मायाप्पाबद्दल काय बोलला तेही सांगितले. ती रडली नाही. ओळींवरून बोट फिरवत राहिली आणि म्हणाली, "बगा, कागुद झाला."

भूमिपूजन दोन दिवसांवर होते आणि पौरोहित्य माझ्याकडे होते. मुहूर्ताच्या वेळी, सर्व मंडळी जमली असताना, मी आसनावरून उठून सांगितले की, आधी अक्षता पडल्या आहेत तेथे खणा. दगड निघाला नाही तर मी पुढचे विधी करीन आणि तुमची क्षमाही मागीन.

तात्यांचा चेहरा उतरला. "गुरुजी, तुमी सुदा? मुहूर्त टळतोय."

"मुहूर्त मीच काढला आहे. तो थांबेल."

माणसांनी कुदळी घातल्या. कमरेइतके खोल गेल्यावर कुदळ ठणकन वाजली. माती हातांनी बाजूला केली. आडवा पडलेला, हातभर लांबीचा काळा दगड. खालच्या कडेला मेंढरांची ओळ कोरलेली आणि वर ओबडधोबड सात आकृत्या. सातवी जेमतेम करंगळीएवढी होती.

तात्यांनी कुणी न सांगता जोडे काढले. बायजाक्काने ते पाहिले. पण टोमणा मारला नाही, एवढे तिचे मोठेपण.

सभागृहाचा नकाशा त्याच आठवड्यात बदलला. दगड त्याच जागी उभा केला. त्या दिवशी बायजाक्का मला म्हणाली, "गुरुजी, बारसं करायचं ऱ्हायलंय." शास्त्रात याला आधार कुठे, हे मी विचारले नाही. आधार मागण्याचा माझा अधिकार मी गमावला होता. गल्लीतल्या बायका जमल्या, घुगऱ्या वाटल्या. बायजाक्काने गुडघे टेकून त्या करंगळीएवढ्या आकृतीशी तोंड नेले आणि पोराच्या कानात सांगावे तसे 'कुर्रर्र' करून नाव सांगितले. मग सर्वांना ऐकू येईल असे म्हणाली, "मायाप्पा. वाट बगत्यात न्हवं त्याची? आला म्हनावं."

मी तेथेच वही उघडली आणि 'नाव ठेवायचे आहे' याच्यापुढे ते नाव लिहिले.

याचे स्पष्टीकरण माझ्यापाशी नाही. सर्व शक्यता मी तपासल्या. ही नावे पूर्वी कुठे ऐकली असतील म्हणावे, तर बायजाक्काच्या घराबाहेर ती कधी उच्चारली गेलेली नाहीत. उन्हाचा भास म्हणावे, तर भासाला लोकरीचा वास कसा आला, आणि माझ्या अक्षता त्या नेमक्या जागी कुणी ठेवल्या? मला ठाऊक नाही, आणि हे म्हणताना मला लाजही वाटत नाही. जे पाहिले ते पाहिले.

छपाईपूर्वी तात्या मुद्रिते घेऊन आले. लोकवस्तीच्या आकड्यावर बोट ठेवून हळूच म्हणाले, "गुरुजी, ह्यात सात जास्त हायत. तेवडी वजा करायची का?"

मी त्यांना माझ्या नियमाची आठवण करून दिली. ज्या घराच्या कर्त्याने ओंजळ करून अक्षता घेतल्या आणि स्वतःच्या तोंडाने माणसे सांगितली, ते घर नोंदीत असते. म्हाकू स्वच्छ सांगून गेला आहे की, आम्ही येथून कधी गेलो नाही. मग त्यांना गेलेले म्हणून लिहिणारा मी कोण?

तात्यांनी मुद्रिते दुमडून पिशवीत घातली. स्मरणिकेत आमच्या उपनगराची पहिली नोंद म्हाकूच्या घराची आहे आणि एकूण लोकवस्तीत ती सात माणसे धरलेली आहेत.

सोहळ्याच्या दिवशी प्रसादाच्या पंगतीत शेवटी सात पाने मांडली. बायजाक्काने वाढले.