डझनभर बांगड्यांचा रेडिओ

गेल्या पोळ्याच्या दिवशी निमोण्याच्या बायकांवर अन्याय झाला. त्या आमच्या सामुदायिक रेडिओवर पाण्याच्या टँकरबद्दल खरं बोलल्या, म्हणून टँकरचा ठेका असलेल्या एका पुढाऱ्यानं आपल्या पेट्रोलपंपाची जाहिरात बंद केली. रेडिओ तेवढ्या एकाच जाहिरातीवर चालायचा; तो बंद पडायची वेळ आली.

शिरूरच्या बाजारात बांगड्या भरताना मी हे कासारणीला तावातावानं सांगत होते. माझी बोटं चेपत ती हसली, "आधी हात सैल सोड, पोरी. एकच कडं घातलं आन् निसटलं, की हात भुंडा. काचेच्या डझनभर घाल. एक पिचली तरी किणकिण ऱ्हाती. लाव, पहिली जाहिरात माझी!"

आता रसवंतीवाला, पंक्चरवाला, सगळेच रेडिओवर वाजतात. बायकाही बोलतात, टँकरबद्दलच.

तुमचं दुकान आहे ना? मग नुसतं ऐकू नका, जाहिरात द्या!