न वाचता सुचवलेलं पुस्तक

वहिनीला मी जे पुस्तक सुचवलं, ते मी स्वतः कधी वाचलंच नव्हतं.

आणि मी कॉलेजात गणित शिकवतो.

आज तिला जाऊन एक वर्ष झालं. पुस्तकाचं हे गुपित आतापर्यंत तिला आणि मलाच माहीत होतं. आज सगळ्यांना सांगतो.

संध्यावहिनी, माझ्या मोठ्या भावाची बायको. दादाची मासेमारीची बोट, आणि बंदराच्या रस्त्यावर जाळी, दोर, पाण्यावर तरंगणारे बोये यांचं दुकान. दुकान वहिनीच सांभाळायची.

बी.एस्सी.चं पहिलं वर्ष झालं आणि तिचं लग्न ठरलं. पुढचं शिक्षण राहिलं. वीस-बावीस वर्षं राहिलं.

तिची मुलगी नोकरीसाठी पुण्याला गेली, त्या वर्षी वहिनी मला म्हणाली की तिला पुढचं गणित शिकायचंय. परीक्षा नको, डिग्री नको. नुसतं शिकायचंय. पुस्तक कुठलं घेऊ?

मी एक गाजलेलं परदेशी पुस्तक काढून दिलं. रिअल ॲनालिसिसचं, गणिताच्या एका अवघड शाखेचं. ज्याचं नुसतं नाव घेतलं तरी स्टाफरूममध्ये वजन पडतं, तसलं.

माझ्या कपाटात ते बरीच वर्षं होतं. कोरं करकरीत.

पावसाळ्यात बोटी बंद असतात, दुकानात गिऱ्हाईक नसतं. ते दोन महिने ती पुस्तकाला बसली. तीन आठवड्यांत अकरा पानं झाली.

एकदा मी दुकानावरून जात होतो, तर तिने हाक मारली. एका शब्दाभोवती पेन्सिलने गोल केला होता.

"भावोजी, इथं 'क्लिअरली' लिहिलंय. मला तर काय क्लिअर होत नाही. जरा सांगा."

मी वाचलं. मलाही काही क्लिअर झालं नाही.

लेक्चर आहे, उद्या सांगतो, म्हणालो आणि निघालो. पुढचे चार दिवस मी दुसऱ्या रस्त्याने कॉलेजला गेलो. स्कूटरला लांब पडतं, तरी गेलो.

पाचव्या दिवशी ती पुस्तक घेऊन घरीच आली. माझी बायको चहा टाकायला आत गेली, तेव्हा हळूच विचारलं.

"खरं सांगा. तुम्ही वाचलंत काय ओ हे?"

नाही म्हणालो. परीक्षेपुरती त्यातल्या वीसेक पानांची झेरॉक्स वाचलेली, तीही पाठ करून. बाकी सगळं नोट्सवर भागलं. शिकवतानाही.

मला वाटलं ती हसेल, किंवा दादाला सांगेल.

ती म्हणाली, "मग बरं झालं. मला वाटत होतं माझंच डोकं चालत नाही."

त्या शनिवारी ती माझ्याबरोबर कॉलेजच्या लायब्ररीत आली. एकाच विषयाची तीन पुस्तकं माझ्या कार्डावर काढली. तिन्हींत एकच प्रमेय वाचलं. दुसऱ्या दिवशी सकाळी पुस्तकं मिटून कोऱ्या कागदावर ते सिद्ध करायला बसली.

दोन पुस्तकांतले नुसते शब्द आठवले. तिसऱ्यातली सिद्धता उतरली.

ते तिसरं पुस्तक म्हणजे एक बारीक, कव्हर निघालेलं, आपल्याच देशातल्या कुठल्याशा प्राध्यापकाचं. मी त्याला कायम 'सोपं' म्हणून बाजूला ठेवलेलं.

मग तिने त्यातली पहिली पाच गणितं करून बघितली. दोन सुटली, तीन अडली. पाचही सुटली असती तर पुस्तक परत केलं असतं, म्हणाली. आणि पाचही अडली असती तरी.

तेच पुस्तक मीही सुरू केलं. गुपचूप नाही, तिच्यासमोर. रविवारी काउंटरच्या अलीकडे मी, पलीकडे ती. कोणी दोर मागायला आलं की उठायची, मापून कापून द्यायची आणि परत त्याच ओळीवर यायची.

नऊ वर्षांत वहिनीने चार पुस्तकं पूर्ण केली. पूर्ण म्हणजे मागच्या सगळ्या गणितांसकट.

लिनियर अल्जेब्राचं एक मात्र साठ पानांनंतर सोडून दिलं. मी विचारलं, एवढं करून सोडलंस? तर म्हणाली, "पुस्तक सोडलं ओ. अल्जेब्रा कुठं सोडला?" आणि दुसरं आणलं.

त्या काळात मी वर्गात नोट्स सांगायचं बंद केलं. मुलांनी विचारलेलं आलं नाही तर आलं नाही म्हणायला लागलो. आणि दुसऱ्या दिवशी खरंच सांगायला लागलो.

मग तिचं दुखणं निघालं. मुंबईच्या फेऱ्या सुरू झाल्या. केमो. लायब्ररीपर्यंत जायची ताकद उरली नाही.

तिला आता टोपोलॉजी करायची होती, गणिताची आणखी एक शाखा.

मला म्हणाली, "या वेळी पुस्तक तुम्ही निवडा. पण आधी वाचा."

मी सहा पुस्तकं आणली. तिच्याच पद्धतीने पाच बाजूला काढली. उरलेलं पाच आठवड्यांत पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचलं. सगळी गणितं केली. मग तिच्या उशाशी नेऊन ठेवलं.

आठ दिवसांनी गेलो तेव्हा ती पडूनच होती. वही पोटावर.

"पहिल्या धड्यातलं सातवं गणित चुकीचं छापलंय," ती म्हणाली.

मी म्हणालो, हो. 'क्लोज्ड' हवं तिथे 'ओपन' पडलंय. तुला सापडतं का ते बघत होतो.

तिने वही मिटली. मग हसली.

"म्हणजे वाचलंत."

तिसऱ्या धड्याच्या मध्यापर्यंत पोचली ती.

तिच्या वह्या दादाने दुकानातच ठेवल्यात, काउंटरखालच्या खणात. सगळं मराठीत लिहिलंय, अक्षर सुंदर आहे. कोणाला गणित शिकायचं असेल तर येऊन बघा. दादा चहा देईल.

वहिनी, तुला मनापासून श्रद्धांजली.