एकाच जिन्याची बिल्डिंग

"मॅडम, मागच्या बाजूनं अजून एक जिना टाका. बुकिंगवाल्यांची मागणी आहे."

शेठनी माझं ड्रॉइंग टेबलावर पसरलं होतं आणि त्यावर खुशाल चहाचा कप ठेवला होता. कप उचलत मी विचारलं, "एवढ्याशा बिल्डिंगला दोन जिने कशाला?"

"तुम्ही भोरच्याच ना? मग कळत कसं नाही!"

कळत होतं हो. न कळायला काय झालं? दोन हजार सालच्या आसपासची गोष्ट. मी भोरमध्ये सिव्हिल इंजिनिअर म्हणून नुकतीच काम करायला लागले होते. एसटी स्टँडमागची पत्र्याची चाळ पाडून तिथं बिल्डिंग उभी राहणार होती. खाली दुकानं, पहिल्या मजल्यावर चाळीतल्या भाडेकरूंना एकेक खोली, वर विकायचे फ्लॅट. भूमिपूजनाला शेठनी प्रत्येकाच्या हातावर पेढा ठेवून तसा शब्द दिला होता. कागद कुणी मागितला नाही. आमच्याकडे पेढा खाल्ला की बोलणी पक्की.

चाळीत निम्मी घरं मुसलमानांची, बाकीची मोलमजुरी करणाऱ्यांची. आणि फ्लॅट घेणारे म्हणजे पुण्याहून रिटायर होऊन येणारे साहेबलोक, बँकेतले, कॉलेजातले. त्यातल्या एका साहेबांनी माझ्यासमोरच सांगितलं होतं, "आम्ही भेदभाव मानत नाही. पण जिन्यात रोज ते लोक भेटणार, सुकटीचा वास येणार. घरच्यांना त्रास होतो." अहो, सुकट आमच्याही घरी भाजतात! पण क्लायंटपुढे जीभ आवरायची सवय लवकर लागते.

मला मात्र हमीदाचाची आठवत होती. चाळीतल्या पहिल्याच खोलीत तिचं शिलाई मशिन. नवरा लवकर गेला, तिनं ब्लाउज शिवून दोन मुली उजवल्या. बाजाराला येणाऱ्या बाया जाता जाता तिच्याकडे माप देऊन जायच्या, एसटी पकडायच्या आधी ब्लाउज घेऊन जायच्या. ती जागा म्हणजेच तिचा धंदा होता.

तेव्हा मी शेठच्या दुखऱ्या नसेवर बोट ठेवलं. "दुसरा जिना म्हणजे प्रत्येक मजल्यावरची एक खोली गेली. जिना काही फ्लॅट म्हणून विकता येत नाही. प्लॉट आधीच अरुंद. शिवाय स्टील, सिमेंट वेगळं."

शेठनी ड्रॉइंगवरच्या खोल्या बोटानं मोजल्या. मग म्हणाले, "बरोबर आहे तुमचं. एकच जिना ठेवा."

मी घरी जाताना काय खुशीत होते म्हणून सांगू! आईला म्हटलं, बघ, शेठला कसा गुंडाळला.

पुढच्या आठवड्यात शेठनी सुधारित ड्रॉइंग मागितलं. एकच जिना, आणि पहिल्या मजल्यावर विकायचे फ्लॅट.

"मग चाळवाले?"

"सारोळ्याला माझी जागा आहे, हायवेला. तिथं बैठ्या खोल्या बांधून देतो. त्यांच्या नावावर! इथली जागा जिन्यात गेली काय आणि चाळवाल्यांच्या खोल्यांत गेली काय, नुकसान माझंच ना? तुम्हीच तर हिशोब समजावलात."

"पण शेठ, तुम्ही शब्द दिलाय त्यांना."

"खोली देतो म्हणालो होतो. देतोय की. विचारा त्यांना, नाही म्हणतात का."

कोण नाही म्हणणार? जागा भोरच्या बाजारापासून लांब, पण जन्मभर भाड्यानं राहिलेली माणसं ही. स्वतःच्या नावाची खोली म्हटल्यावर एकेकानं अंगठे उठवले. चाचीनं तेवढं मला गाठून विचारलं, "पोरी, तू इंजिनेर हाईस. खोली बरी हाय का गं?"

"बांधकाम चांगलं आहे, चाची," मी म्हटलं. खोटं नव्हतं ते. पण ती बांधकामाबद्दल विचारत नव्हती, हे मला तेव्हाच समजलं होतं.

बिल्डिंग झाली. जिना ऐसपैस झाला, सगळ्यांनी वाखाणला. वर्षभरानं पुलाच्या कामासाठी सारोळ्याला गेले होते, तेव्हा चाचीकडे डोकावले. मशिनवर गोधड्यांची चळत होती. चाची हायवेच्या धाब्यावर भाकऱ्या थापायला जात होती.

"हितं कोण ब्लाउज शिवायला येतंय?" ती हसली. "ट्रकवाले?"

मग चहा पुढं करत म्हणाली, "शेठ सांगत हुतं, तू त्यांच्याशी जिन्यापायी लई भांडलीस म्हनं. आमच्यापायी एवढं कोन करतंय, बाई? अल्ला तुझं भलं करो."

मी तो चहा पिऊन निघाले, खरं काय घडलं ते न सांगताच. लाज वाटली, आणि अजून वाटते.

धंद्यातला धडा म्हणाल तर एवढाच: माणसांसाठी भांडताना पैशाचा मुद्दा काढू नये. त्या हिशोबात शेठ आपल्यापेक्षा नेहमीच हुशार असतो. मला सरळ म्हणता आलं असतं, "शेठ, ही माणसं याच जिन्यानं चढतील. पटत नसेल तर ड्रॉइंग दुसऱ्याकडून करून घ्या." एवढं एक वाक्य होतं. पण ते म्हटलं असतं तर काम गेलं असतं, आणि तो हिशोब मला शेठनी शिकवायची गरज नव्हती.