दादासाठी घेतलेल्या कफलिंक्स

गडचिरोलीच्या एसटी स्टँडवरून आम्ही दोघं भाऊ एकाच सकाळी निघालो. मी नागपूरच्या गाडीत, तिथून पुढे पुणे, पहिली नोकरी. दादा आलापल्लीच्या गाडीत. तेंदूपत्त्याच्या हंगामात तो दर उन्हाळ्यात तिकडच्या फडीवर, म्हणजे जंगलात पानांचे पुडे गोळा होतात तिथे, मुन्शी म्हणून जायचा. माझी गाडी आधी सुटली. तो खिडकीखाली उभा राहून म्हणाला, "बाहेरचं पानी पिऊ नको, पोट बिघडते तुह्यं." माय निघताना दोघांनाही एकच म्हणाली होती, "पोहचल्यावर कळवजो." मी पुण्याहून शेजाऱ्यांच्या फोनवर कळवलं. दादाचा निरोप आला नाही.

फडीवर तो पोहोचला होता. काम करताना लोकांनी पाहिला होता. मग एका दुपारी नाल्याकडे गेला आणि परतला नाही. कोणी म्हणालं वाघानं नेला, कोणी म्हणालं माणसांनीच नेला, आणि बरेच जण काहीच न बोलता इकडेतिकडे पाहायचे. त्या भागात किती विचारायचं आणि कुठं थांबायचं, हे तुम्हा तिथल्यांना मी काय सांगू. वहिनीच्या कडेवर तेव्हा रांगतं पोर होतं.

गावात मला अजून "बाहेर गेलेला" म्हणतात. घर सोडलं मी, पण रिकामं झालं ते त्याच्यामुळे. पुण्याहून मी बर्मिंगहॅमला आलो, इथलाच झालो. मॉर्गेज, स्कूल रन, शनिवारची लाँड्री, सगळं अंगवळणी पडलं. दादा मात्र अंगवळणी पडला नाही. बस स्टॉपवर कोणी पाठमोरा, खांदे जरा पाडून उभा दिसला की मी त्याचा चेहरा दिसेपर्यंत थांबतो. एकदा तर अशा माणसाच्या मागं मागं चालत गेलो. वळला तेव्हा कोणी पोलिश गृहस्थ निघाला. त्यानंच मला विचारलं, बरं वाटतंय ना तुम्हाला?

मागच्या हिवाळ्यात त्या रांगत्या पोराचं लग्न ठरलं. माझा पुतण्या, आता वडशाला तांदळाच्या व्यापारात बसलेला. रिसेप्शनला सूट शिवला होता आणि त्यानं मोबाइलवर बघून फर्माइश केली, "काका, शर्टाले कफलिंक्स पाहिजेत. तिकूनच आनजा." मायनं त्याच्या हातून फोन घेतला. हे काय प्रकरण आहे ते मी समजावलं, की बाहीला बटणाऐवजी लावायचा धातूचा जोड. ती म्हणाली, "दोन जोड आन मंग. एक पोराचा, एक पोराच्या बापाचा."

इथं आमच्या घरची रीत सांगायला हवी. लग्नाच्या आदल्या दिवशी आमच्याकडे घरातल्या गेलेल्या माणसांना कपडे करतात. देवाजवळ पाट मांडायचा, त्यावर नवं धोतर, लुगडं ठेवायचं, हळदकुंकू वाहून त्यांचं नाव घ्यायचं. मग ते कपडे घरातल्याच कोणी अंगावर घालून लग्नात मिरवायचे, म्हणजे गेलेलं माणूसही वऱ्हाडात येतं. जिवंत माणसाचे कपडे पाटावर जात नाहीत, ते त्याच्या हातात देतात. माझ्या बहिणीच्या लग्नात, चुलतभावांच्या लग्नांत दादाचे कपडे मायनं कधी पाटावर मांडू दिले नाहीत. हातात द्यायला दादा नव्हता, म्हणून ते लोखंडी पेटीत जायचे. आणि दर वेळी शिंप्याला ती सांगायची, "जरा ढिला ठेव रे भाऊ. आता पोट सुटलं असन त्याचं." हे ऐकून मी रागानं बाहेर निघून जायचो. मला वाटायचं, म्हातारीनं डोळे मिटून घेतलेत.

बर्मिंगहॅमच्या दुकानात पुतण्याचा जोड चटकन ठरला, साधा, चांदीचा. मग मी म्हणालो, आणखी एक, भावासाठी. काउंटरपलीकडच्या म्हाताऱ्यानं आपुलकीनं विचारलं, भाऊ केवढ्या वयाचा? काय शोभतं त्याला?

जिवंत असेल तर तो आता साठीकडे झुकलेला, नवरदेवाचा बाप, पिकल्या केसांचा व्याही. त्याला काहीतरी भारदस्त हवं. नसेल, तर तो तिशीतच राहिलेला, झाडीपट्टीच्या नाटकांतल्या नटांसारखे भडक शर्ट घालून मिरवणारा. त्याला निळ्या खड्याचे आवडले असते, उन्हात चमकणारे. मी एकदा हे उचलायचो, एकदा ते. माझ्या बाहीला लावून आरशात पाहिलं तर मनगटच दादाचं दिसायला लागलं, तीच रुंद हाडं, तेच दाट केस. तिशीतल्या त्या दादापेक्षा मी कधीच मोठा झालोय, हे त्या आरशासमोर मला पहिल्यांदा नीट कळलं. शेवटी मी निळ्या खड्याचे घेतले. म्हणजे मीच माझ्या भावाला मेलेला ठरवून टाकलं, परदेशातल्या दुकानात, एका अनोळखी माणसासमोर.

एकदा ठरल्यावर मनात आलं, आता हे पुरे झालं. दादाचा जोड या लग्नात पाटावर जाईल. भाऊ म्हणून त्याचे कपडे मी घालेन, त्याच्या मुलाच्या लग्नात त्याला मिरवेन. इतकी वर्षं ना सुतक, ना दिवस. निदान एवढं तरी.

हळदीच्या सकाळी माय मागच्या अंगणात तांदूळ निवडत बसली होती. मी डबी तिच्यासमोर उघडून धरली आणि म्हणालो, "माय, यावेळी दादाचे कपडे पाटावर मांडू. बस झालं आता. तो नाई येत."

तिनं सुपातून मान वर केली नाही. "मले काय सांगतं? तो गेला हे मले त्याच पावसाळ्यात समजलं. जिता असता तं पोराले पाह्याले आला नसता?"

मी डबी मिटली. "मंग कपडे ढिले काऊन शिवते?"

"शिंपी गावभर बोलते म्हनून." तिनं एक खडा उचलून बाजूला टाकला. "त्याले पाटावर मांडलं का ह्या बाया वयनीचं कुंकू पुसतीन. आज पोराले हयद लावाची हाय तिले. माह्या सुनेले मी कोपऱ्यात बसू देनार नाई. माह्यं पोरगं गेलं, तिचं बी सगळं काऊन नेऊ देऊ?"

मग ती सूप पाखडायला लागली. परदेशात राहून शहाणा झालेला मी, आणि ही म्हातारी इतकी वर्षं आपल्या मुलासाठी मोठ्यानं रडलीही नव्हती.

दुपारी मांडव बायकांनी भरला. आत्याबाई, माझ्या वडिलांची थोरली बहीण, पाटाजवळ बसून एकेका गेलेल्याचं नाव घेत होत्या. आजा झाला, आजी झाली, आमचे वडील झाले. वहिनी हळदीची वाटी घेऊन खांबाशी उभी होती. दोन बायका तिच्याकडे बघून काहीतरी कुजबुजल्या आणि तिनं पदर सावरला. आत्याबाईंची नजर माझ्या हातातल्या डबीवर पडली. त्यांनी सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं, "हे मोठ्याचं होय ना रे? पाटावर ठेवाचं का?"

माय माझ्याकडे बघत नव्हती.

"नाई आत्याबाई," मी म्हणालो. किती वर्षांनी माझ्या तोंडून गावची बोली चार लोकांत निघत होती. "दादाचे हायेत. तो आला का घालन."

आत्याबाईंनी क्षणभर मला निरखलं आणि हाक मारली, "ये वो, नवरदेवाची माय. पहिली हयद तुही." वहिनी पुढे आली. दोन्ही हातांनी तिनं मुलाच्या गालांना हळद फासली, आणि तो एवढा मोठा बाप्या डोळे मिटून बसून राहिला. डबी मायनं माझ्याकडून घेतली आणि पेटीत टाकली.

लग्न लागलं, मी परत आलो. पण त्या दिवसापासून काहीतरी बिघडलंय. बोललो ते मायसाठी, वहिनीसाठी, खोटं आहे हे नीट जाणून. आणि आता मला ते खोटं वाटेनासं झालंय. कोणी येणार नसताना दारावरची बेल वाजली की माझ्याआधी माझं मन जिन्यावरून धावत खाली जातं. दार उघडलं की पार्सलवाला असतो. मी सही करतो आणि त्याच्या मागचा रस्ता उगाच एकदा बघून घेतो.

तुम्ही कोणी मायजवळ राहिलात, कोणी माझ्यासारखे लांब आलात. घर कोणतं, हे आपण एकमेकांना नेहमी विचारत असतो. माझ्यापुरतं सांगतो. जिथं दादाची वाट पाहतात ते घर. इतकी वर्षं ते एकच होतं, आता हेही झालं.